शनिवारची तारीख असलेला कागद

पुरवणी जबाब
पोलीस ठाणे, उदगीर
दिनांक २९/०९/२०२५, सकाळी ११.१० वाजता

माझे नाव सिंधु अमरनाथ पटणे, वय ४४ वर्षे, शिक्षण बी.एस्सी., डी.एम.एल.टी., धंदा नोकरी (लॅब टेक्निशियन), राहणार देगलूर रोड, उदगीर, जिल्हा लातूर.

आज कोणी न बोलावता मी पोलीस ठाण्यात येऊन सांगते की, मी वरील पत्त्यावर पतीसह राहते. मुलगी लातूर येथे क्लाससाठी असते. बसस्थानकामागील वीरभद्र हालकुडे यांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी अकरा वर्षांपासून काम करते. माझ्या हाताखाली शिवानी ग्यानोबा केंद्रे, वय २४, ही दोन वर्षांपासून काम करते.

उज्वला रामलिंग बिराजदार, वय ३४, या दि. १८/०९/२०२५ रोजी लातूर येथे मयत झाल्या. त्या अकस्मात मृत्यूच्या चौकशीत दि. २२/०९/२०२५ रोजी माझा जबाब झाला आहे. त्यात मी असे सांगितले होते की, उज्वला यांचे प्लेटलेट कमी असल्याचे शिवानीने मला सांगितले किंवा कसे, ते मला आठवत नाही. ते सांगणे खरे नाही. मला आठवत होते. त्या एका वाक्यामुळे शिवानीने आकडा बघून लपवून ठेवला असा संशय तिच्यावर आला आहे व हालकुडे यांनी तिला कामावरून बंद केले आहे. म्हणून मी आज पुन्हा सांगत आहे.

लॅबमध्ये एकच कॉम्प्युटर आहे. सेल काउंटर मशीन रक्ताचे आकडे एका लहान चिठ्ठीवर देते. ते आम्ही कॉम्प्युटरमध्ये भरतो व लेटरहेडवर रिपोर्ट छापतो. सही करणारे डॉक्टर बुधवारी व शनिवारी येतात. प्रिंटरमध्ये ठेवायच्या कोऱ्या लेटरहेडवर त्यांची सही अगोदरच घेतलेली असते. याबाबत माझा वेगळा जबाब घेण्यात येईल असे मला सांगण्यात आले आहे.

फेब्रुवारी महिन्यापासून कॉम्प्युटरमधील घड्याळाची बॅटरी संपलेली होती. लाइट गेली की कॉम्प्युटर सन २०१५ ची तारीख दाखवत असे. लक्षात आले तर आम्ही ती हाताने बदलत होतो. लक्षात आले नाही तर रिपोर्ट तशाच तारखेने जात. सुरुवातीला दोन-तीन दवाखान्यांतून फोन आले. नंतर फोन येणे बंद झाले. आमच्या लॅबची तारीख चुकते हे सर्वांना माहीत झाले होते. तारखेकडे न बघण्याची सवय आम्हाला लागली, तशीच त्यांनाही लागली.

तारीख चुकीची असल्यामुळे कॉम्प्युटरचे सिक्युरिटी अपडेटही येत नव्हते. हे मला कॉम्प्युटर दुरुस्त करणारे दयानंद यांच्याकडून समजले. शुक्रवार दि. १२/०९ रोजी त्यांनी येऊन बॅटरी बदलली. जाताना ते म्हणाले, "ताई, आता सात म्हैन्याचं अपडेट एकदमच येईल. रविवारी लॅब बंद असती तवा चालू करून ठिवा. मधी बंद करू नगा, न्हाईतर मला नांदेडहून पळत यावं लागंल." मी हो म्हटले. बॅटरी बदलली, आता तारीख बरोबर येईल, असे मी कोणत्याही दवाखान्याला कळवले नाही. असे कोणी कळवत नाही. तरी मी ते येथे सांगत आहे.

शनिवार दि. १३/०९ रोजी सकाळी उज्वला या तापासाठी पहिल्यांदा आल्या. त्यांचे प्लेटलेट एक लाख बावन्न हजार आले. मी आकडे भरून प्रिंटची कळ दाबली. कागद आला नाही. मी कळ आणखी दोनदा दाबली. कॉम्प्युटरला प्रिंटर दिसत नव्हता. दयानंद यांनी फोनवर सांगितलेले सर्व केले. वायर काढून लावली, प्रिंटर बंद करून चालू केला. उपयोग झाला नाही. तेव्हा मी रिपोर्ट हाताने लिहून दिला. त्यानंतर शनिवारी व सोमवारी सर्व रिपोर्ट आम्ही हातानेच लिहिले. कॉम्प्युटरमध्ये काही भरले नाही. तीन वेळा दिलेली प्रिंट मी रद्द केली नाही. ती रद्द करावी लागते हे मला माहीत आहे.

रविवारी मी लॅबमध्ये गेले नाही. घरी होते. विशेष काही काम नव्हते.

सोमवारी कॉम्प्युटरने अपडेटसाठी पुन्हा सुरू करायचे का असे दोन वेळा विचारले. गर्दी होती म्हणून दोन्ही वेळा मी नंतर असे दाबले.

मंगळवार दि. १६/०९ रोजी सकाळी ९.४० च्या सुमारास उज्वला या पती रामलिंग यांच्यासह पुन्हा आल्या. डॉ. भीमाशंकर हुडगे यांनी प्लेटलेट परत बघायला सांगितले होते. रक्त शिवानीने घेतले. उज्वला माझ्या ओळखीच्या होत्या. त्या घरी साड्यांना फॉल-पिको करून देत. रक्त देताना त्या मला म्हणाल्या, "तुमची जांभळी तशीच पडलीय बघा ताई. कंबर लई दुखून राहिली, मशीनवर बसवंना. शुक्रवारी देते." मी म्हटले, "साडी कुठं पळून चालली का? अगोदर बरी व्हा." त्या हसल्या. त्यांचा हात गरम नव्हता. ताप उतरला होता. डेंगूमध्ये ताप उतरल्यावरच जास्त बघावे लागते हे मला माहीत आहे.

१०.२० वाजता कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. पडद्यावर निळा रंग, फिरणारे चाक व टक्क्यांचा आकडा दिसत होता. आकडा तीसवर बराच वेळ थांबला. मी दयानंद यांना फोन लावला. ते नांदेडला होते. आमचे बोलणे मला आठवते ते असे (त्यातील अप्पा म्हणजे हालकुडे):

"तीसवर अडकलंय. पाऊण तास झाला. मेन बटन बंद करू का?"

"अजिबात न्हाई. चाक फिरतंय ना?"

"फिरतंय."

"मग फिरू द्या. बटन दाबलं तर समदा डेटा जाईल, ताई. मग अप्पा तुम्हाला न्हाई, मला फाडून खातील."

"माझ्यासमोर वीस माणसं उभी हायत, दयानंद."

"त्यांना चहा पाजा."

हा फोन चालू असताना, अंदाजे ११.०५ वाजता, शिवानी आतल्या खोलीतून मशीनची चिठ्ठी हातात घेऊन आली. ती म्हणाली, "ताई, उज्वलाबाईचे सतरा हजार आले. मी पुन्यांदा लावून बघितलं, तेवढेच येऊन राहिले. स्लाइड काढून ठेवलीय. डॉक्टरला फोन करायचा का?"

मी फोन कानाला तसाच ठेवून हं म्हटले.

मी ते ऐकले होते. सतरा हजार हा आकडा मी ऐकला होता. वीस हजारांच्या खाली आकडा आला तर त्याच मिनिटाला डॉक्टरांना फोन करायचा, अशी पाटी आतल्या खोलीत आहे. ती माझ्या अक्षरात आहे. ऐकले तेव्हा मला ते समजले होते किंवा कसे, हे मी स्वतःला बऱ्याच वेळा विचारले आहे. ऐकले होते एवढे निश्चित सांगता येते.

शिवानीने चिठ्ठी माझ्यासमोरच्या ट्रेमध्ये ठेवली. त्यात अगोदरच्या सोळा-सतरा चिठ्ठ्या होत्या. फोन संपल्यावर मी तिला एका वृद्ध पेशंटचे रक्त आणण्यासाठी त्यांच्या घरी किल्ला भागात पाठवले. तिने जाताना विचारले, "उज्वलाबाईचं तुमी बघता ना?" मी म्हटले, "जा तू." ड्युटी रजिस्टरमध्ये त्या वेळी काउंटरवर शिवानीचे नाव आहे. प्रत्यक्षात काउंटरवर मी एकटी होते.

११.५५ वाजता कॉम्प्युटर सुरू झाला. रामलिंग हे मोंढ्यात आडतीवर मुनीम आहेत. दुकान सोडून आल्यामुळे ते घाईत होते. ते काउंटरवर येऊन म्हणाले, "काय ताई, तुमच्या कॉम्प्युटरला बी डेंगू झाला का काय? दोन घंटे झाले निस्तं सलाईनच चालू हाय." बाकावरचे लोक हसले. मीही हसले.

त्याच वेळी प्रिंटरचा आवाज आला व कागद बाहेर आला. शनिवारपासून तो प्रिंटर चालत नव्हता. कागदावर उज्वला रामलिंग बिराजदार, वय ३४, असे होते. मला वाटले की शिवानीने जाण्यापूर्वी आकडे भरून ठेवले असतील. त्या वेळेपर्यंत कॉम्प्युटर बंदच होता, म्हणजे तिला आकडे भरणे शक्य नव्हते, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले नाही. दयानंद यांनी नंतर सांगितले की, अपडेटमध्ये प्रिंटरचा बिघडलेला प्रोग्राम नवीन बसला, प्रिंटर कॉम्प्युटरला पुन्हा दिसू लागला, आणि अडकून राहिलेले काम त्याने सर्वांत अगोदर केले. तो कागद शनिवारचा होता.

मी नाव व वय बघितले. आकडे बघितले नाहीत. मी कागद रामलिंग यांच्या हातात दिला.

त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला व म्हणाले, "ताई, ह्याच्यावर तेरा तारीख पडलीय. आज सोळा हाय."

मी म्हटले, "आमची तारीख चुकतेच हो. तारीख नका बघू, आकडे बघा."

हे वाक्य माझे आहे. असे मी फेब्रुवारीपासून अनेकांना म्हटले आहे. त्यामुळे म्हणताना मी कागदाकडे मान वळवली नाही. रामलिंग दिवसभर मालाच्या हिशेबाच्या पट्ट्यांवर तारखा लिहिणारे माणूस आहेत, म्हणून त्यांना ती दिसली. त्यांनी कागदाची घडी केली. उज्वला बाकावरून उठताना भिंतीला हात लावून उठल्या. "येते ताई," असे त्या म्हणाल्या.

ते गेल्यावर प्रिंटरमधून त्याच रिपोर्टच्या आणखी दोन प्रती आल्या. सही असलेला कागद फेकायचा नाही अशी आमची पद्धत आहे. मी त्या न वाचता ड्रॉवरमध्ये ठेवल्या.

दुपारी १.१५ वाजता शिवानी परत आली. तिने आल्या आल्या विचारले, "ताई, उज्वलाबाईचं झालं का?" मी सांगितले, "रिपोर्ट गेला." तिने मान हलवली व ट्रेमधील चिठ्ठ्या रजिस्टरला चिकटवून त्यांपुढे आकडे लिहिले. उज्वला यांच्या नावापुढे सतरा हजार हे शिवानीच्या अक्षरात आहे, ते या कारणाने. तिने लपवले असते तर ते तेथे लिहिले नसते. माझ्यावर विश्वास ठेवून तिने पुन्हा विचारले नाही.

दवाखान्यात काय झाले ते मला रामलिंग यांच्याकडून समजले. त्यांच्या सांगण्यानुसार डॉ. हुडगे कागद बघून म्हणाले, "अरे, जसेच्या तसे आहेत की. उतरले नाहीत. ताप पण नाही आता. उद्या सतरा सप्टेंबर, दवाखाना बंद आहे. गुरुवारी दाखवा." तारखेबाबत ते, या लॅबचे नेहमीचेच आहे, असे म्हणाले. दोन वेगळ्या दिवशी काढलेल्या रक्ताचे सर्व आकडे जसेच्या तसे कधी येत नाहीत. हे मला कॉलेजपासून माहीत आहे.

दि. १७ रोजी मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी होती. लॅब बंद होती. सकाळी मी नगर परिषदेसमोर झेंडावंदनाला गेले होते. दि. १८ रोजी पहाटे उज्वला यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. त्यांना जीपने लातूरला नेण्यात आले. तेथे प्लेटलेट आठ हजार होते. सायंकाळी ७.४० वाजता त्या मयत झाल्या.

शनिवार दि. २०/०९ रोजी दुपारी रामलिंग लॅबमध्ये आले. ते काउंटरसमोर उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कागद तर चांगला व्हता, ताई." मग म्हणाले, "मी तुम्हाला तारखेचं इचारलं व्हतं का? का माझ्या मनातच ऱ्हायलं? दोन दिस झाले, मला कळंना झालंय." मी त्यांना पाणी दिले. ते पाणी न पिता गेले. त्यांनी विचारले होते. हे त्यांना कळवावे अशी माझी विनंती आहे.

ते गेल्यावर मी ड्रॉवरमधील दोन प्रती काढून वाचल्या. नंतर आतल्या खोलीत गेले. शिवानीने मंगळवारी काढलेली स्लाइड स्टँडवर तशीच होती, रंगवलेली नव्हती. मी ती रंगवली व मायक्रोस्कोपखाली मोजली. प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा प्लेटलेट दिसायला पाहिजेत. एक दिसत होती. पुढे सरकवल्यावर एकही नव्हती. मी वीस जागा मोजल्या व आकडे लिहून ठेवले. मोजण्याची गरज नव्हती.

म्हणजे दि. २२ रोजी जबाब देताना मला सर्व माहीत होते. त्या दिवशी सकाळी वीरभद्र हालकुडे यांनी मला केबिनमध्ये बोलावले. ते वयाने मोठे आहेत, मी त्यांना अप्पा म्हणते. ते म्हणाले, "सिंधुताई, मी तुम्हाला खोटं बोला म्हणत न्हाई. आठवत न्हाई एवढंच म्हणा. कोणाला काय समदंच आठवतं का?" मी म्हटले, "अप्पा, शिवानीचं काय?" ते म्हणाले, "तिचं काय, लेकरू हाय. दुसरीकडं लागंल. तुमच्यावर आलं तर लॅबला कुलूप लागतं." त्यांनी मला धमकी दिली नाही. माझी पाठ दुखते म्हणून गेल्या वर्षी नवी खुर्ची त्यांनीच आणून दिली होती. जबाबातील वाक्य माझ्या तोंडचे आहे. त्याची जबाबदारी त्यांची नाही.

शनिवार दि. २७/०९ रोजी शिवानी तिचा पांढरा कोट परत द्यायला माझ्या घरी आली. कोट धुऊन इस्त्री केलेला होता. सोबत तिचे वडील ग्यानोबा होते, ते फाटकाबाहेर गाडीवरच बसून राहिले. मी चहा ठेवते म्हटले. ती नको म्हणाली. मग म्हणाली, "ताई, तुमी फोनवर होता. मी हळू बोलले असंल. तुम्हाला ऐकू आलं नसंल तर तसं सांगा, मी मान्य करते. घरी मला समदे इचारून राहिले, तू नक्की सांगितलंस का म्हणून. मला आता वाटायलंय की मीच फक्त सांगायचं ठरवलं होतं."

ती हळू बोलली नव्हती. मी तेव्हा तिला तसे सांगितले नाही. कोट घेतला.

मला सन १९९९ पासून रोज डायरी लिहिण्याची सवय आहे. चालू वर्षाची डायरी मी आज हजर करत आहे. दि. १६/०९ च्या पानावर अशी नोंद आहे: "कॉम्प्युटर १०.२० ते ११.५५ बंद. अपडेट झाले. प्रिंटर आपोआप सुरू झाला. सुटले." त्या पानावर उज्वला यांचे नाव नाही. शिवानीचे नाव नाही. दि. २० चे पान कोरे आहे. दि. २२ च्या पानावर मी "जबाब दिला" एवढेच लिहिले आहे. स्वतःच्या डायरीतही मी ते पूर्ण लिहिले नाही.

डायरीसोबत रिपोर्टच्या दोन प्रती व एक स्लाइड हजर करत आहे. स्लाइड काचेची आहे, कृपया वर काही ठेवू नये.

माझ्यावर काय कार्यवाही होऊ शकते हे मला समजावून सांगण्यात आले आहे. मी पतीला सांगून आले आहे. मुलीला अजून सांगितलेले नाही. हालकुडे यांच्याकडे कामाचा राजीनामा आज सकाळी दिला आहे. कॉम्प्युटर व प्रिंटर त्या मंगळवारपासून चांगले चालतात. त्यांचा दोष आहे असे माझे म्हणणे नाही.

आणखी काही सांगायचे आहे काय असे विचारल्यावरून सांगते की, माझी एक जांभळी साडी उज्वला यांच्या घरी आहे. ती आणण्यासाठी मी गेलेले नाही. ती या चौकशीत घेण्याची गरज नाही. तरी आहे म्हणून सांगितले.

शिवानी केंद्रे हिने मला सांगितले होते व मी ऐकले होते. रामलिंग बिराजदार यांनी मला तारीख विचारली होती व मी बघितली नव्हती. ही दोन वाक्ये पहिल्या छापील प्रतीत एकत्र करून एका वाक्यात घेतली होती. माझ्या विनंतीवरून ती वेगळी करून पुन्हा छापण्यात आली.

वरील मजकूर माझ्या सांगण्यावरून ठाण्यातील कॉम्प्युटरवर लिहिला आहे. तो मला मोठ्याने वाचून दाखवला, आणि नंतर मी स्वतः पहिल्या ओळीपासून वाचला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. सही करण्यापूर्वी मी कागदावरची तारीख बघितली. ती आजची आहे.

सही
(सिंधु अमरनाथ पटणे)